लताकियाची वाइन आणि आपले विणकर

आज जायचंय सीरियाला, भूमध्य समुद्राच्या काठावरच्या लताकिया नावाच्या बंदरात. मालेगावात बसून लताकिया कशाला? सांगतो.

हे गाव वसवलं सेल्युकसने. हाच तो, ज्याचा चंद्रगुप्त मौर्याशी तह झाला. आईचं नाव लाओडिकी, म्हणून गाव लाओडिकिया. त्याचंच पुढे लताकिया झालं. दोन हजार वर्षांपूर्वी स्ट्रॅबो लिहितो की गावामागचा डोंगर जवळजवळ माथ्यापर्यंत द्राक्षवेलींनी भरलेला आहे आणि अलेक्झांड्रियाला सगळ्यात जास्त वाइन इथूनच जाते. दिंडोरी-निफाडच्या बागा पाहिल्यात ना? तशाच, फक्त डोंगरउतारावर.

पण ती वाइन अलेक्झांड्रियाला थांबत नव्हती. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' नावाच्या ग्रीक पुस्तकात, म्हणजे दर्यावर्दी व्यापाऱ्यांच्या गाइडमध्ये, भडोच बंदरात काय खपतं त्याची यादी आहे. त्यात वाइन आहे: पहिली पसंती इटलीची, शिवाय लाओडिकियाची आणि अरबस्तानची. राजासाठी वेगळी भारी वाइन, चांदीची भांडी, गाणारी मुलं. हो, मुलंसुद्धा! माणसंही मालाच्या यादीत होती.

नाईल नदीतून वर, मग उंटावरून वाळवंट, तांबडा समुद्र, आणि पुढे मान्सूनच्या वाऱ्यावर भडोच. रांजण लांबट, खाली निमुळते, जहाजात दाटीवाटीने उभे रचता येणारे. १९५४-५६ मध्ये डेक्कन कॉलेजच्या ह. धी. सांकलियांनी नेवाशाला उत्खनन केलं, तिथे अशा रांजणांची खापरं निघाली. (भारतात सापडलेलं असं प्रत्येक खापर रोमन वाइनचं नाही हं, पुन्हा तपासल्यावर बरीच इराक-इराणकडची निघाली.)

आता खरा प्रश्न: एवढ्या वाइनचे पैसे कोण देत होतं?

उत्तर त्याच पुस्तकात आहे. भडोचहून वीस दिवसांच्या वाटेवर पैठण, तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तेर. पैठणहून रंगीत खडे, तेरहून भरपूर साधं कापड आणि मलमल, सगळं गाड्यांवर लादून आडवाटांनी भडोचला. घोट राजाचा, घाम विणकराचा!

या पुस्तकात त्या भागाच्या राजाचं नाव येतं, तो क्षत्रप नहपान असावा असं बरेच अभ्यासक मानतात. आणि नहपानाचा जावई उषवदात याचा शिलालेख आपल्या नाशिकच्या पांडवलेण्यांत आहे, लेणं क्रमांक १०. त्याने ३००० कार्षापण विणकरांच्या श्रेण्यांकडे ठेव म्हणून ठेवले. त्यातले २००० दरमहा शेकडा एक व्याजाने. वर्षाचे झाले २४०. वीस भिक्खूंना चीवरासाठी प्रत्येकी १२. हिशोब चोख! मुद्दल कधीच काढायचं नाही. म्हणजे राजघराणं एफडी करायचं तर ती विणकरांकडे. केवढी पत असेल त्यांची!

मालेगावच्या बऱ्याच मोमीन विणकरांचे पूर्वज १८५७ नंतर उत्तरेतून आले, त्यामुळे नातं थेट रक्ताचं नाही, धंद्याचं आहे.

खापर टिकतं, कापड कुजतं. म्हणून म्युझियममध्ये दिसतो तो रांजण. पण इजिप्तच्या बेरेनिके बंदरात, कोरड्या वाळूत, भारतीय सुती कापडाचे तुकडे टिकलेत. बरेचसे नंतरच्या शतकांतले, पण काहींवरचा निळा रंग अजून दिसतो.