शितावरून भाताची परीक्षा : चालनचक्रांचा इतिहास



आयुष्यभर मराठी वाङ्मय शिकविणाऱ्याने मोटारीच्या इंजिनाविषयी बोलावे, याचे आपणांस नवल वाटेल. परंतु आपल्या शेजारच्या पीथमपूरला २०२१ मध्ये ११.३ किलोमीटर लांबीची वाहन-चाचणीची धावपट्टी सुरू झाली, आणि वाहनाची परीक्षा हा आता इंदूरकरांच्याही आस्थेचा विषय आहे. शिवाय शतकभराच्या कवितेतून एक निवड सिद्ध करताना संपादकापुढे जो प्रश्न उभा राहतो, तोच येथेही आहे. पुष्कळांच्या वतीने थोड्यांना बोलू द्यायचे, तर ते थोडे कसे निवडावेत?

विसाव्या शतकाच्या मध्याला लॉस एंजलिस शहरावर डोळे झोंबविणारे धूसर आवरण पसरू लागले. मोटारींच्या धुरातील हायड्रोकार्बन आणि नायट्रोजनची ऑक्साइडे यांच्यापासून सूर्यप्रकाशात ओझोन निर्माण होतो, हे आरी हागेन-स्मिट या शास्त्रज्ञाने दाखवून दिले. धूर मोजायचे ठरले. पण मोटार कशी चालवून मोजायचा? प्रत्येक चालकाचा पाय निराळा, प्रत्येक रस्ता निराळा. म्हणून कोणत्या सेकंदाला किती वेग, कोठे थांबणे, कोठे पुन्हा निघणे, अशी सर्वांसाठी एकच चाल आखण्यात आली. अभियंते तिला ‘ड्रायव्हिंग सायकल’ म्हणतात. आपण चालनचक्र म्हणू.

अमेरिकेने १९७२ च्या मोटारींपासून लागू केलेले चक्र लॉस एंजलिसमधील प्रत्यक्ष प्रवासाच्या नोंदीवरून घडविलेले होते. त्याची लांबी १३७२ सेकंद आणि अंतर सुमारे १२ किलोमीटर. युरोपने १९७० मध्ये निराळी वाट धरली. तेथे सरळ रेषांनी आखलेला १९५ सेकंदांचा नमुना चार वेळा गिरवावयाचा होता. आपल्याकडील भारतीय चक्र १०८ सेकंदांचे. ते सहा वेळा चालवीत, आणि त्यातला कमाल वेग ताशी अवघा ४२ किलोमीटर. सन २००० च्या सुमारास मोटारींसाठी युरोपीय धर्तीचे चक्र आले, मात्र त्याचा १२० चा कमाल वेग आपण ९० वर आणला. हे आकडे रुक्ष वाटले तरी त्यांत त्या त्या काळाचे रस्ते साठविलेले आहेत.

युरोपात २०१७ पासून लागू झालेले जागतिक चक्र १८०० सेकंदांचे आहे, आणि त्याच्या घडणीत भारतातील वाहनांच्या नोंदीही घेतल्या गेल्या. येथे इंजिनाच्या अंशशोधनाचा प्रश्न येतो. इंजिनाच्या फेऱ्यांची गती आणि त्यावरील भार पाहून किती इंधन द्यावे, ठिणगी केव्हा पाडावी, हे नियंत्रकात आधीच नोंदवून ठेवणे म्हणजे अंशशोधन. सेकंदागणिक एक स्थिती धरली तरी १८०० स्थिती होतात. चाचणीगृहात प्रत्येक स्थितीत इंजिन स्थिरावू द्यायचे आणि अनेक जुळण्या करून पाहायच्या, तर वेळ आणि इंधन यांना अंत राहणार नाही. म्हणून १८०० मधून डझनभर प्रातिनिधिक स्थिती निवडतात.

या निवडीची एक रीत इंजिनासाठी जन्मलेली नाही. स्टुअर्ट लॉइड याने ती १९५७ मध्ये बेल लॅबोरेटरीजमध्ये संदेशवहनाच्या कामासाठी मांडली; तिचा लेख छापून आला तो १९८२ मध्ये. दरम्यान १९६७ मध्ये जेम्स मॅक्वीनने तिला ‘के-मीन्स’ हे नाव दिले होते. आधी काही केंद्रे धरावीत; प्रत्येक बिंदू जवळच्या केंद्राकडे सोपवावा; मग प्रत्येक पुंजक्याचा मध्य काढून केंद्र तेथे सरकवावे; बदल थांबेपर्यंत हेच करीत राहावे. ज्या पुंजक्यात अधिक सेकंद, त्याला अधिक वजन. पण ‘जवळ’ म्हणजे काय? फेरे हजारांत मोजतात, भार शेकड्यांत, आणि दोन्ही परस्परांशी निगडित असतात. अशा ठिकाणी प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी १९३६ मध्ये मांडलेले अंतराचे माप उपयोगी पडते. मानवसमूहांच्या शरीरमापांची तुलना करताना त्यांना ते सुचले होते.

मात्र या रीतीला मोल द्यावे लागते. पुंजक्यात क्रम उरत नाही. थंड इंजिनाची सुरुवात किंवा अकस्मात दाबलेला पाय काही सेकंदांचाच असतो. सरासरीत तो बुडतो, धूर मात्र त्याच क्षणी अधिक निघतो. शिवाय मूळ चक्रात जे आलेच नाही, ते कोणत्याही पुंजक्यात सापडणार नाही. राजवाड्याच्या गर्दीत रांगणारी रिक्षा नोंदीत नसेल, तर गणित तिला निर्माण करू शकत नाही.

परीक्षा आधीच ठाऊक असण्याचा धोका २०१५ मध्ये जगापुढे आला. फोक्सवागनच्या डिझेल मोटारींतील आज्ञावली चाचणी चालू असल्याचे ओळखून तेवढ्यापुरता धूर कमी करीत होती. दोष पुंजके करण्याच्या रीतीचा नव्हता. ते उघड कपट होते. पण ठरीव चक्रावरील निकाल म्हणजे रस्त्यावरील सत्य नव्हे, हे त्यानंतर सर्वांनाच मानावे लागले. प्रत्यक्ष रस्त्यावर धूर मोजण्याची अट युरोपात २०१७ पासून आणि भारतात एप्रिल २०२३ पासून लागू झाली.

म्हणून येथे बसलेल्या तरुण अभियंत्यांना माझे सांगणे एवढेच, की निवड अवश्य करावी. तिच्यावाचून कोणतेही शास्त्र पुढे सरकत नाही. परंतु काय वगळले याची नोंद निवडीइतकीच काळजीपूर्वक ठेवावी, आणि डझनभर स्थितींवर बेतलेले इंजिन अखेरीस संपूर्ण चक्रावर व मग रस्त्यावर तपासून घ्यावे. वगळलेल्या सेकंदांचा धूरही कोणाच्या तरी श्वासात जातच असतो.