चित्तास्लो

चित्तास्लो ही लहान शहरांची आंतरराष्ट्रीय संघटना असून तिने पुरस्कारलेली नागरी चळवळही याच नावाने ओळखली जाते. तिची स्थापना ऑक्टोबर १९९९ मध्ये इटलीतील ऑर्व्हिएतो या शहरात झाली आणि तिचे मुख्यालयही तेथेच आहे. ५० हजारांपेक्षा कमी लोकसंख्या असलेल्या शहरांना ठरावीक निकषांवर तपासून सदस्यत्व दिले जाते. सुमारे ३० देशांतील सुमारे ३०० शहरे या संघटनेची सदस्य आहेत. पाठीवर शहर वाहून नेणारी नारिंगी गोगलगाय हे संघटनेचे बोधचिन्ह आहे.

लहान शहरांतील स्थानिक शेती, हस्तव्यवसाय, बाजार, सार्वजनिक जागा आणि शेजारधर्म टिकवून तेथील रहिवाशांचे जीवनमान सुधारणे हा चळवळीचा मुख्य हेतू आहे. पर्यटन हा या धोरणाचा एक भाग असला, तरी शहर प्रथम रहिवाशांसाठी राहण्याजोगे असले पाहिजे, अशी चळवळीची भूमिका आहे. प्रत्यक्षात या दोन गोष्टींचा मेळ घालणे अनेक शहरांना कठीण गेले आहे.

नाव

‘चित्ता’ (शहर) हा इटालियन शब्द आणि ‘स्लो’ (संथ) हा इंग्रजी शब्द यांच्या जोडणीतून हे नाव तयार झाले आहे. मराठीत त्याचा अर्थ ‘संथ शहर’ असा होतो. मराठी ‘चित्त’ या शब्दाशी त्याचा संबंध नाही.

पार्श्वभूमी

चित्तास्लोची वैचारिक मुळे ‘स्लो फूड’ या खाद्यचळवळीत आहेत. १९८६ साली रोममधील प्रसिद्ध स्पॅनिश पायऱ्यांजवळ मॅकडोनाल्ड्सचे उपाहारगृह सुरू होत असताना त्याला विरोध झाला. या विरोधात पुढाकार घेणाऱ्यांमध्ये पत्रकार कार्लो पेत्रीनी होते. त्यातून उभ्या राहिलेल्या चळवळीला १९८९ साली पॅरिस येथे आंतरराष्ट्रीय संघटनेचे रूप मिळाले. स्थानिक पदार्थ, पारंपरिक बियाणे आणि लहान उत्पादक यांचे रक्षण हा तिचा विषय होता.

पदार्थ टिकवायचा तर तो पिकवणारा शेतकरी, विकणारा दुकानदार आणि त्यांचा बाजार हेही टिकले पाहिजेत, हा विचार पुढे शहरांच्या कारभारापर्यंत पोचला. इटलीतील सुमारे ७० टक्के नगरपालिका पाच हजारांपेक्षा कमी लोकवस्तीच्या आहेत. दुसऱ्या महायुद्धानंतर रोजगारासाठी मोठ्या शहरांकडे झालेल्या स्थलांतरामुळे त्यांपैकी अनेक गावे, विशेषतः डोंगराळ भागातील, ओस पडत गेली. तरुण बाहेर गेल्यावर शाळेतील मुले कमी होतात, शाळा बंद होते, पाठोपाठ दुकाने आणि बससेवा बंद होतात व उरलेल्यांनाही गाव सोडावे लागते. हे दुष्टचक्र कसे थांबवावे, हा लहान शहरांच्या पुनरुज्जीवनातील मूळ प्रश्न आहे.

स्थापना

तोस्काना प्रांतातील ग्रेव्हे इन किआंती या गावाचे नगराध्यक्ष पाओलो सातुर्निनी यांनी स्लो फूडची तत्त्वे नगरपालिकेच्या कारभाराला लागू करण्याची कल्पना मांडली. ग्रेव्हे हे किआंती क्लासिको या वाइनच्या प्रदेशातील गाव असून कमानीदार पडव्यांनी वेढलेला त्याचा त्रिकोणी बाजारचौक प्रसिद्ध आहे. ऑर्व्हिएतो, ब्रा व पोझितानो या शहरांच्या नगराध्यक्षांनी आणि पेत्रीनी यांनी सातुर्निनी यांना साथ दिली. ब्रा हे पेत्रीनी यांचे जन्मगाव असून स्लो फूडचे मुख्यालय तेथे आहे.

इटलीबाहेरचे पहिले सदस्य शहर म्हणजे जर्मनीतील हेर्सब्रुक (२००१). त्यानंतर ब्रिटनमधील लडलो (२००३) हे शहर सहभागी झाले. मात्र त्याने पुढे सदस्यत्व सोडले. २००७ साली दक्षिण कोरियातील चार ठिकाणांना सदस्यत्व मिळाले आणि चळवळ आशियात पोचली. तुर्कस्तानातील पहिले सदस्य सेफेरीहिसार हे २००९ साली सहभागी झाले.

निकष आणि सदस्यत्व

संघटनेच्या सनदेत ७२ निकष असून ते सात गटांत विभागले आहेत : ऊर्जा व पर्यावरण, पायाभूत सुविधा, नागरी जीवनाची गुणवत्ता, शेती, पर्यटन व हस्तव्यवसाय, आतिथ्य, जनजागृती व प्रशिक्षण, सामाजिक एकोपा, आणि सहकार्य. इच्छुक शहराला किमान ५० टक्के गुण मिळवावे लागतात. सदस्य शहराने वार्षिक वर्गणी भरायची असते आणि त्याचे ठरावीक काळाने पुनर्मूल्यमापन होते. कोरियातील पहिल्या चार ठिकाणांपैकी जांगहुंगला पुढे सदस्यत्व गमवावे लागले.

निकषांचे स्वरूप पाहिल्यास ‘संथ’ या शब्दाचा अर्थ स्पष्ट होतो. हवेची व पाण्याची शुद्धता, कचऱ्याचे वर्गीकरण आणि रात्रीच्या अनावश्यक प्रकाशाचे नियंत्रण यांबरोबरच सायकलमार्ग, अपंगांना अडथळा ठरणारी बांधकामे दूर करणे, वैद्यकीय सेवा सहज उपलब्ध असणे आणि सार्वजनिक भोजनगृहांत स्थानिक उत्पादनांचा वापर यांना गुण आहेत. किती रहिवासी रोज कामासाठी दुसऱ्या शहरात जातात, हेही तपासले जाते. केवळ रात्री झोपण्यासाठी घरी येणाऱ्यांचे शहर कितीही सुंदर असले, तरी ते जिवंत मानता येत नाही, हा विचार या निकषामागे आहे. पर्यटनाच्या बाबतीत दुकानदारांनी दर स्पष्टपणे लावणे व पायी फिरण्याचे मार्ग आखणे यांचा समावेश होतो.

चळवळ तंत्रज्ञानविरोधी नाही. वेगवान इंटरनेट जोडणी, नवीकरणीय ऊर्जा आणि विजेवर चालणारी वाहने यांना सनदेत उत्तेजन दिले आहे.

निवडक शहरे

ऑर्व्हिएतो : उंब्रिया प्रांतातील हे शहर ज्वालामुखीच्या राखेपासून बनलेल्या मऊ खडकाच्या उंच पठारावर वसले आहे. पायथ्याच्या रेल्वे स्थानकापासून वरच्या शहरापर्यंत दोराने ओढली जाणारी फ्युनिक्युलर रेल्वे १८८८ साली सुरू झाली. वरच्या डब्याच्या टाकीत पाणी भरून त्याच्या वजनाने खालचा डबा वर ओढला जात असे. १९७० मध्ये बंद पडलेली ही सेवा १९९० साली विजेवर पुन्हा सुरू करण्यात आली. पायथ्याशी वाहनतळ आणि तेथून वर जाण्यासाठी सरकते जिने व उद्वाहक यांमुळे जुन्या शहरात मोटार न्यावी लागत नाही. ही व्यवस्था चित्तास्लोच्या स्थापनेपूर्वीच आकाराला येत होती. स्थापनेनंतर ती इतर शहरांपुढे उदाहरण म्हणून आली.

हेर्सब्रुक : न्यूरेंबर्गजवळील या बव्हेरियन गावाभोवती जुन्या फळझाडांची सामायिक गायराने आहेत. भूगोलतज्ज्ञ हाइके मायर व पॉल नॉक्स यांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात हेर्सब्रुक आणि वाल्डकिर्ख या जर्मन गावांची तपासणी केली. मोठ्या कंपन्यांना आकर्षित करण्यावर भर देणाऱ्या नागरी विकासाला पर्याय म्हणून त्यांनी चित्तास्लोकडे पाहिले.

छंगसानदो : दक्षिण कोरियाच्या वानदो जिल्ह्यातील हे बेट २००७ साली सदस्य झाले. येथील भातशेतीच्या पायऱ्यांखाली सपाट दगडांचे थर रचलेले आहेत. कोरियन घरांतील तापवायच्या जमिनीच्या रचनेशी त्यांचे साम्य आहे. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने २०१४ साली या शेतीपद्धतीला जागतिक महत्त्वाच्या कृषी वारशाचा दर्जा दिला. बेटावरील पायवाटांची एकूण लांबी ४२.१९५ किलोमीटर, म्हणजे मॅरेथॉन शर्यतीइतकी आहे.

पोल्लिका : दक्षिण इटलीच्या चिलेंतो भागातील या गावाचे नगराध्यक्ष आंजेलो व्हास्साल्लो हे मूळचे मच्छीमार होते. ते चित्तास्लोचे उपाध्यक्षही होते. बेकायदा बांधकामांना विरोध आणि समुद्राची स्वच्छता यांबद्दल ते ओळखले जात. ५ सप्टेंबर २०१० रोजी गोळ्या घालून त्यांची हत्या करण्यात आली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये युनेस्कोने भूमध्यसागरी आहारपद्धतीचा अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत समावेश केला. या नोंदीत चिलेंतो हा इटलीचा प्रातिनिधिक प्रदेश आहे.

संथ पर्यटन

कमी ठिकाणे पाहून एका ठिकाणी अधिक काळ राहणे, शक्यतो रेल्वेने, सायकलने किंवा पायी प्रवास करणे, आणि स्थानिकांनी चालवलेल्या निवासांत राहून तेथलेच अन्न खाणे याला संथ पर्यटन म्हणतात. लहान गावाच्या दृष्टीने यामागे आर्थिक कारणही आहे. बसमधून तासाभरासाठी उतरणारा पाहुणा गर्दी व कचरा वाढवतो, पण गावात फारसा खर्च करत नाही. चार दिवस मुक्काम करणाऱ्याचा पैसा खानावळ, बेकरी, शेतकरी आणि कारागीर यांच्यापर्यंत पोचतो. इटलीने २०१९ हे वर्ष ‘संथ पर्यटनाचे वर्ष’ म्हणून साजरे केले. इंग्लंडमधील कँटरबरीपासून रोमपर्यंत जाणारा व्हिया फ्रांचिजेना हा मध्ययुगीन यात्रामार्ग या प्रकारच्या प्रवासाचे परिचित उदाहरण आहे.

याच्याशी निगडित असलेली, पण चित्तास्लोपासून स्वतंत्र असलेली कल्पना म्हणजे ‘आल्बेर्गो दिफ्फूझो’, अर्थात विखुरलेले हॉटेल. १९७६ च्या भूकंपानंतर फ्रिउली प्रदेशातील रिकाम्या घरांचा उपयोग कसा करावा, या विचारातून ती पुढे आली आणि पर्यटन अभ्यासक जानकार्लो दालारा यांनी तिला निश्चित रूप दिले. यात नवी इमारत न बांधता गावातील निरनिराळ्या जुन्या घरांत खोल्या केल्या जातात. स्वागतकक्ष एका घरात, तर भोजनाची सोय दुसरीकडे असते. आब्रुत्सो प्रांतातील सांतो स्तेफानो दी सेस्सानियो हे डोंगरी गाव अशा हॉटेलासाठी प्रसिद्ध झाले. तरीही गावात कायम राहणाऱ्यांची संख्या शंभराच्या आसपासच राहिली आणि २०२० साली तेथील नगरपालिकेने स्थायिक होऊ इच्छिणाऱ्या तरुणांना आर्थिक साहाय्य देण्याची योजना जाहीर केली. पाहुण्यांमुळे घरे वाचतात, पण तेवढ्याने गाव वसत नाही, हे या उदाहरणावरून दिसते.

टीका आणि मर्यादा

चित्तास्लोवर घेतला जाणारा प्रमुख आक्षेप असा की, गोगलगायीचे चिन्ह जाहिरातीचे साधन बनते. नाव झाल्यावर पाहुणे व सुट्टीसाठी घर घेणारे धनिक येतात, घरभाडे वाढते आणि ज्यांच्यासाठी हा खटाटोप केला त्यांनाच गावात राहणे परवडेनासे होते. संस्थापक शहरांपैकी पोझितानो हे आज अमाल्फी किनाऱ्यावरील अतिशय गर्दीच्या पर्यटनस्थळांपैकी एक आहे. सेफेरीहिसारमध्ये सिआजिक किल्ल्याच्या आत स्थानिक उत्पादकांचा बाजार भरू लागला व तेथील स्त्रियांना घरगुती पदार्थ विकण्याची संधी मिळाली. मात्र जवळच्या इझमीर महानगराच्या विस्तारामुळेही सेफेरीहिसारची लोकसंख्या सदस्यत्वानंतरच्या काळात झपाट्याने वाढली.

या समस्येचे टोकाचे रूप ऑर्व्हिएतोपासून जवळच असलेल्या चिव्हिता दी बान्योरेज्यो या वस्तीत दिसते. झिजत चाललेल्या टेकडीवरील या वस्तीत मोजकेच कायमचे रहिवासी उरले असून वर्षाकाठी लाखो पर्यटक तेथे येतात. २०१३ पासून तेथे प्रवेशशुल्क आकारले जाते. सुरुवातीला दीड युरो असलेले शुल्क पुढे वाढवण्यात आले. या उत्पन्नाचा नगरपालिकेला मोठा आधार झाला, परंतु तिकीट काढून पाहण्याची जागा आणि राहते गाव यांतील फरक त्यामुळे अधिक ठळक झाला.

दुसरी मर्यादा अधिकारांची आहे. बाजार, रस्ते आणि बांधकाम परवाने नगरपालिकेच्या हाती असतात. रेल्वे, रुग्णालये, शाळा आणि रोजगार यांविषयीचे निर्णय बहुधा वरच्या पातळीवर होतात. इटलीने ऑक्टोबर २०१७ मध्ये पाच हजारांपर्यंत लोकसंख्येच्या गावांसाठी विशेष कायदा करून त्यांच्या सेवा, इमारती व इंटरनेट जोडणी यांसाठी निधीची तरतूद केली. नगरपालिकेच्या प्रयत्नांना अशा राष्ट्रीय धोरणाची जोड मिळाल्याशिवाय लहान शहरांतील स्थलांतर थांबणे कठीण असते.