लिबर्टी लीगचा उदयास्त

२५ जानेवारी १९३६ च्या रात्रीं वॉशिंग्टनच्या मेफ्लॉवर हॉटेलांत सुमारें २,००० पाहुणे मेजवानीस जमले होते. यजमान होती अमेरिकन लिबर्टी लीग, आणि मुख्य वक्ते होते ॲल स्मिथ. न्यूयॉर्कच्या गरीब वस्तींत वाढलेले, मासळीबाजारांत राबलेले हे गृहस्थ पुढें त्याच राज्याचे चार वेळां गव्हर्नर झाले. १९२८ मध्यें अध्यक्षपदासाठीं त्यांचें नांव रूझवेल्ट यांनींच सुचविलें होतें. आतां त्याच रूझवेल्ट यांच्या 'न्यू डील'वर स्मिथ धनिकांच्या पंक्तीस बसून कोरडे ओढीत होते.

लीगची स्थापना ऑगस्ट १९३४ मधली. राज्यघटना व खासगी मालमत्ता यांचें रक्षण हा तिचा जाहीर हेतु. जूएट शाऊस तिचे अध्यक्ष. पैशाचा मोठा भार ड्यू पाँ घराण्यानें उचलला. ही मंडळी नवशिकी नव्हती. दारूबंदी उठविण्याच्या चळवळीस त्यांनींच द्रव्य व संघटना पुरविली होती, आणि १९३३ मध्यें घटनादुरुस्ती होऊन ती बंदी उठलीहि होती. तींच साधनें पुन्हां बाहेर निघालीं: पत्रकें, रेडिओवरील भाषणें, वकिलांची समिति. १९३५ मध्यें लीगच्या ५८ वकिलांनीं कामगारसंघटनांना संरक्षण देणारा वॅग्नर कायदा घटनाबाह्य असल्याचा निर्वाळा दिला.

फळ मात्र उलटें आलें. सेलोफेन हा ड्यू पाँचाच माल व त्यांतून आरपार दिसतें, म्हणून हिला 'सेलोफेन लीग' म्हणावें, अशी विरोधकांनीं थट्टा केली. नोव्हेंबर १९३६ मध्यें रूझवेल्ट यांनीं ४८ पैकीं ४६ राज्यें जिंकलीं. १९३७ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें वॅग्नर कायदा वैध ठरविला. १९४० मध्यें लीग विसर्जित झाली.

असें कां व्हावें? दारूबंदीला लोक आधींच विटले होते. पैशानें त्या नाराजीस वाट करून दिली. १९३६ मध्यें बेकार कामगारास सरकारचा आधार हवा होता, आणि त्याला स्वातंत्र्याचा धडा देणारे कारखानदार होते. तरीहि मध्यवर्ती सरकारचे अधिकार कोठवर असावेत, हा लीगचा प्रश्न पोकळ नव्हता. तो आजहि अमेरिकेंत गाजतो.

पुढील पुराणमतवाद्यांनीं वेगळी वाट धरली. स्त्रीपुरुषांच्या समान हक्कांच्या घटनादुरुस्तीविरुद्ध १९७२ पासून फिलिस श्लाफ्ली यांनीं गृहिणींची फळी उभारली. १९८२ ची मुदत संपली तेव्हां त्या दुरुस्तीस आवश्यक त्या ३८ राज्यांची संमति लाभलेली नव्हती. मेजवानीच्या दालनांत जें साधलें नाहीं, तें स्वयंपाकघरांतून साधलें.