नाडी न लागणारी मावशी

कल्याणच्या पारनाक्यावरच्या वैद्यबुवांनी मावशीचं डावं मनगट धरलं, मग उजवं, मग पुन्हा डावं. नाडी लागेना. आणि मावशी तर समोर बसून भाजीच्या भावाबद्दल बोलत होती! साल 1971, तिचं वय 23. लहानपणी मानेला क्षयाच्या गाठी येऊन गेल्या होत्या, पण आजीने ते दडवलं. लग्नाच्या मुलीचा क्षय कोण सांगतं?

लोकलने तिला परळच्या केईएम रुग्णालयात नेलं. जागा योग्यच निघाली. 1908 साली जपानी नेत्रवैद्य मिकितो ताकायासू यांनी एका तरुणीच्या डोळ्यांतल्या रक्तवाहिन्यांची विचित्र गुंफण नोंदवली, मावशीचा आजार त्यांच्याच नावाचा. महाधमनी आणि तिच्या फांद्या सुजतात, अरुंद होतात, मनगटापर्यंत ठोका पोचतच नाही. केईएमचे डॉ. किनरे यांनी 1970 साली या आजाराच्या क्षयाशी असलेल्या नात्यावर लिहिलं होतं. 1973 साली डॉ. प्रफुल्लकुमार सेन (1968 मध्ये हृदयारोपण करणारे तेच), किनरे, केळकर आणि परुळकर यांचं 101 रुग्णांवरचं पुस्तक आलं.

संशय असा, की क्षयाच्या जंतूशी लढता लढता शरीर आपल्याच धमनीला शत्रू समजू लागतं. पक्का पुरावा आजही नाही. क्षय आपल्याकडे घरोघरी, मग योगायोग कुठला आणि कारण कुठलं? मला तरी संशय रास्त वाटतो.

डॉक्टरांनी तिसऱ्यांदा विचारलं, "घरात क्षय?" आजी गप्पच. मग तिने मावशीचा पदर मानेवरून बाजूला केला.