हैदराबादच्या उन्हाळ्यात फुलबाग कशी सांभाळावी : मोगऱ्याला खत, बाकीच्यांना सावली

हैदराबाद : होळी झाली की इथल्या गच्चीवरची आणि बाल्कनीतली झाडं एकदम मलूल दिसायला लागतात. घाबरून लोक दोन गोष्टी करतात, सकाळ-दुपार-संध्याकाळ पाणी घालतात आणि वर मूठभर खत टाकतात. नेमकं यानेच बरीच झाडं जातात. मार्च-एप्रिलमध्ये बहुतेक फुलझाडं वाढवायची नसतात, टिकवायची असतात. अपवाद मोगऱ्याचा, कारण हा त्याचाच हंगाम आहे.

हैदराबाद समुद्रसपाटीपासून साधारण ५४० मीटर उंच पठारावर आहे. मार्चअखेर दुपारचा पारा ३६ अंशांच्या आसपास असतो, एप्रिल-मे महिन्यांत चाळिशी गाठतो. हवा मात्र कोरडी. मुंबई-कोकणातल्या दमट हवेसाठी सांगितलेले उपाय इथे जसेच्या तसे चालत नाहीत. नांदेड, देगलूर, उदगीर, बीदर, निजामाबाद, आदिलाबाद या पट्ट्यात थोड्याफार फरकाने हीच स्थिती असते.

आधी माती ओळखा

हैदराबादची जमीन ग्रॅनाइट खडकाची, माती लाल आणि मुरमाड. पाणी पटकन खाली जातं. अशा मातीत एकदम भरपूर ओतण्यापेक्षा थोडं थोडं पण नियमित पाणी द्यावं आणि शेणखत किंवा गांडूळखत मिसळून ओल धरण्याची ताकद वाढवावी. बीदर शहराकडची जांभ्याची लाल मातीही अशीच निचऱ्याची.

नांदेडकडची काळी माती याच्या अगदी उलट. ती पाणी धरून ठेवते, पण वाळली की भेगाळते आणि भेगांतून खालची ओल उडून जाते. तिथे पाणी दोन-तीन दिवसांआड चालेल, मात्र वाफसा आला की खुरपीने वरचा थर मोकळा करून भेगा बुजवायच्या.

दोन्हीकडे एक उपाय सारखाच लागू पडतो, तो म्हणजे आच्छादन. वाळलेला पाला, उसाचं पाचट, भुसकट, नारळाच्या शेंड्या, जे मिळेल ते दोन-तीन बोटं जाड पसरा. बुंध्याला चिकटू देऊ नका. या दिवसांत झाडांखाली पाल्याचा सडा पडतो, तो जाळण्यापेक्षा कुंड्यांत घाला.

पाणी कधी, किती, कुठलं

पाणी सकाळी लवकर द्यावं, आठच्या आत. नाही जमलं तर ऊन उतरल्यावर. दुपारी पानं माना टाकतात, पण म्हणजे झाड तहानलेलंच आहे असं नाही. कडक उन्हात मुळं जेवढं पाणी ओढतात त्याहून जास्त पानांतून उडतं. संध्याकाळी पानं आपोआप उभी राहिली तर काळजी नको. बोट दोन पेरं मातीत घालून बघा. ओल लागली तर थांबा, कोरडं असेल तर कुंडीच्या भोकातून पाणी झिरपेपर्यंत द्या. वरवर शिंपडलेल्या पाण्याने मुळं वरच्याच थरात राहतात आणि तीच आधी भाजतात.

मध्यम कुंडीला एका वेळी दीड लिटर धरलं तर वीस कुंड्यांना तीस लिटर, म्हणजे दोन बादल्या. नळाला एकाआड एक दिवस पाणी येतं, टँकर मागवायची वेळ येते, तिथे या दोन बादल्याही हिशेबाच्या असतात. तांदूळ-डाळ धुतलेलं, भाजी निसलेलं पाणी बिनधास्त वापरा. एसीच्या नळीतून गळणारं पाणीही चालतं, त्यात क्षार जवळजवळ नसतात.

कूलरच्या टाकीत उरलेलं पाणी मात्र झाडांना घालू नका. पाणी उडत जातं आणि क्षार मागे साचत राहतात. आरओ यंत्रातून वाया जाणारं पाणीही जास्त क्षारांचं असतं, वापरायचंच तर दुप्पट साध्या पाण्यात मिसळून आणि अधूनमधून.

बोअरचं पाणी इथे बऱ्याच ठिकाणी जड आहे. कुंडीच्या कडेला पांढरा थर आणि पानं पिवळी पण शिरा हिरव्या, ही त्याची खूण. क्षारांमुळे झाडाला मातीतलं लोह मिळत नाही. दोन-तीन आठवड्यांतून एकदा नळाच्या पाण्याने कुंडी चांगली धुऊन निघेल इतकं पाणी द्या. फारच पिवळेपणा असेल तर चिलेटेड लोह लिटरला अर्धा ग्रॅम घेऊन संध्याकाळी पानांवर फवारा.

वैशाखात काही घरांत तुळशीवर गळती बांधतात, म्हणजे भोक पाडलेल्या भांड्यातून थेंब थेंब पाणी. आजचं ठिबक याच तत्त्वावर चालतं. मोठ्या कुंडीत किंवा वाफ्यात छोटं कच्चं मडकं गळ्यापर्यंत पुरून भरून ठेवलं तरी मुळांना हळूहळू ओल मिळते. त्यावर झाकण हवंच, नाहीतर डास होतात. कुंडीखालच्या ताटल्यांचंही तेच. आठवड्यातून एकदा त्या रिकाम्या करून घासायच्या. डेंग्यूचा डास अशाच स्वच्छ साठलेल्या पाण्यात वाढतो.

कुणाला ऊन, कुणाला सावली

*उन्हातच ठेवा :* मोगरा, बोगनवेल, कण्हेर, तगर, सदाफुली, चिनी गुलाब. बोगनवेलीला थोडा ताण दिला तर ती जास्त फुलते, रोज पाणी दिलं तर नुसती पानं येतात. कण्हेरीचे सगळे भाग विषारी आहेत, लहान मुलं आणि जनावरं असतील तर ती हाताला लागणार नाही अशी लावा.

*दुपारी सावली द्या :* गुलाब, अबोली, अनंत, कुंडीतली जास्वंद. सकाळचं ऊन मिळू द्या, अकरानंतर ५० टक्के सावलीची हिरवी जाळी पुरते. गुलाबाची कडक छाटणी आता करू नका, फक्त सुकलेली फुलं काढा.

*निरोप द्या :* पेटुनिया, डेलिया, शेवंती. शेवंतीच्या फुलून गेलेल्या काड्या कापून बुडाशी आलेले फुटवे सावलीत जगवा, पावसाळ्यात तेच नवी रोपं देतात. डेलियाचे कंद कोरड्या वाळूत ठेवा.

गच्चीवर झाडापेक्षा कुंडी आधी तापते, काळं प्लास्टिक तर फारच. कुंड्या विटांवर उचलून ठेवा, एकमेकींना चिकटवून घोळका करा, मोठ्या बाहेर आणि छोट्या मध्ये. पश्चिमेच्या भिंतीजवळच्या आधी हलवा. बाहेरून चुना मारला तरी फरक पडतो. कुंडी बदलणं मात्र मृगापर्यंत टाळा.

मोगऱ्याचं तंत्र

मोगरा नव्या फुटीवर फुलतो. छाटणी जानेवारीत झाली असेल तर उत्तम. राहिली असेल आणि कळ्या नसतील तर मार्चच्या सुरुवातीला शेंडे चार-पाच बोटं छाटा, जुनी पानं काढा. रोज निदान सहा तास ऊन हवं. सावलीतला मोगरा हिरवागार दिसतो, पण फुलत नाही.

दर पंधरा दिवसांनी मूठभर गांडूळखत आणि थोडी निंबोळी पेंड द्या. किंवा शेंगदाण्याची पेंड तीन दिवस भिजवून दहापट पाण्यात मिसळून घाला. खत कायम ओल्या मातीतच, कोरड्यात दिलं तर मुळं भाजतात. एक बहर संपला की सुकलेलं फूल खालच्या पानांच्या जोडीसकट खुडा, तिथून दोन फांद्या फुटतात आणि पुढचा बहर भरगच्च येतो. गजऱ्यासाठी कळ्या संध्याकाळी उमलण्याआधी तोडाव्यात.

कीड

जास्वंदीवर कापसासारखे पांढरे पुंजके दिसले तर तो पिठ्या ढेकूण. थोडा असेल तर ओल्या फडक्याने पुसा. वाढला तर लिटरभर पाण्यात पाच मिली कडुनिंबाचं तेल आणि थेंबभर द्रव साबण मिसळून संध्याकाळी फवारा, उन्हात फवारलं तर पानं करपतात. झेंडू-गुलाबाच्या पानांमागे बारीक जाळी आणि वर ठिपके असतील तर लाल कोळी. त्याला कोरडी हवा मानवते. पानांच्या मागच्या बाजूला दोन-तीन दिवस पाण्याचा जोरदार फवारा मारला की तो बराच कमी होतो.

रोपवाटिकेत जाताना

हैदराबादेत येणारी बरीच रोपं आंध्रातल्या राजमहेंद्रवरमजवळच्या कडियममधून येतात. ती गोदावरीच्या खालच्या खोऱ्यातल्या दमट हवेत वाढलेली असतात. आणल्या आणल्या गच्चीच्या उन्हात ठेवू नका. आठ-दहा दिवस सावलीत, मग रोज थोडं थोडं ऊन. मुळांभोवती चिकट मातीचा घट्ट गोळा असेल तर लावण्याआधी तो पाण्यात भिजवून हलकेच सैल करा, नाहीतर पाणी आत जातच नाही.

रोपवाटिकेत आणि गुडिमल्कापूरच्या फुलबाजारात कामाला येतील असे काही तेलुगू शब्द :

मोगरा – मल्ले
जाई – जाजी
झेंडू – बंती
शेवंती – चामंती
अबोली – कनकांबरम
जास्वंद – मंदारम
कण्हेर – गन्नेरू
सदाफुली – बिळ्ळ गन्नेरू
तगर – नंदिवर्धनम
लाल माती – एर्र मट्टी
खत – एरुवू
निंबोळी पेंड – वेप पिंडी
कडुनिंबाचं तेल – वेप नूने

कुंडीला तेलुगूतही कुंडीच म्हणतात.

एप्रिलअखेर वळीव येतो, कधी गारांसह. आभाळ भरून आलं की हलक्या कुंड्या कठड्यावरून खाली घ्या, जाळी घट्ट बांधा. तो पाऊस कुंड्यांतले क्षार धुऊन काढतो, म्हणून पुढचे दोन दिवस माती बघितल्याशिवाय पाणी देऊ नका. मृगापर्यंत झाडाची मुळं शाबूत राहिली तर करपलेल्या पानांची चिंता नको, पहिल्या पावसात नवी फूट येतेच.