ब्लॅक अँड व्हाइट फोटो प्रिंट केल्यावर हिरवट का येतो? रंगीत प्रिंटरमध्ये फक्त काळी-करडी शाई भरण्याचा उपाय समजून घ्या

८ ऑक्टोबर २०२५ ला नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन झालं. त्याआधी पनवेल तालुक्यातली दहा गावं हलवली गेली, उलव्याची टेकडी कापली गेली, नदीचा प्रवाह वळवला गेला. ती जुनी घरं, अंगणं आता बघायची तर घरातल्या अल्बममध्येच. त्यातले बरेच फोटो ब्लॅक अँड व्हाइट आहेत आणि वर्षागणिक पिवळे पडत चाललेत.

असा फोटो स्कॅन करून घरच्या रंगीत इंकजेट प्रिंटरवर काढला, की एक अडचण हमखास येते. स्क्रीनवर छान दिसणारा फोटो कागदावर कधी हिरवट येतो, तर कधी जांभळट. प्रिंटर बिघडलाय असं वाटतं. पण तसं नसतं.

मग ही झाक येते कुठून?

साध्या रंगीत प्रिंटरमध्ये करडी शाई नसतेच. निळसर (सायन), गुलाबी (मॅजेंटा) आणि पिवळ्या शाईचे बारीक ठिपके शेजारी शेजारी टाकून, त्यात थोडा काळा मिसळून प्रिंटर करड्या रंगाचा आभास तयार करतो. यातली एक शाई जरा जास्त पडली तरी फोटोला रंगाची झाक येते.

त्यात उजेडाचा खेळ वेगळाच. ट्यूबलाइटखाली ठीक वाटलेला प्रिंट खिडकीपाशी नेला, की वेगळाच दिसतो. याला मेटामेरिझम म्हणतात.

फक्त काळी शाई वापरली तर?

झाक जाते, पण दुसरी अडचण येते. फिकट भाग दाखवायला प्रिंटर काळे ठिपके लांब लांब टाकतो. त्यामुळे आकाश आणि चेहरे दाणेदार दिसतात.

म्हणून तिसरा मार्ग निघाला. रंगीत शाई पूर्ण काढायची आणि प्रत्येक खणात काळ्याचीच वेगवेगळी छटा भरायची. समजा प्रिंटर सहा रंगांचा आहे. एका खणात गडद काळी आणि उरलेल्या पाचांत एकापेक्षा एक फिकट करडी शाई. फिकट ठिपके डोळ्यांना वेगळे दिसत नाहीत, त्यामुळे गालावरची सावली सलग उतरते.

अमेरिकेतले प्रिंटमेकर जॉन कोन यांनी 'पिएझोग्राफी' या नावानं अशी शाई लोकप्रिय केली. पिएझो हा शब्द प्रिंटरच्या हेडवरून आला. एप्सनच्या हेडमध्ये विजेच्या झटक्यानं पिएझो घटक वाकतो आणि शाईचा थेंब बाहेर ढकलतो. शाई तापवावी लागत नाही. या प्रयोगांसाठी मुख्यतः एप्सनचेच प्रिंटर वापरले जातात.

ही शाई टिकते का?

अशा काही शायांमध्ये रंगद्रव्य म्हणून कार्बन असतो, म्हणजे आपली काजळीच. जुन्या पोथ्या काजळीच्या शाईनं लिहिल्या जायच्या आणि त्यांची अक्षरं आजही काळी आहेत, कारण कार्बन उजेडानं सहसा फिका पडत नाही. स्वस्त प्रिंटरमधली डाय प्रकारची रंगीत शाई उन्हात त्यामानानं लवकर उडते.

शाई ओतली की काम झालं?

नाही, इथेच अनेकजण फसतात. प्रिंटरच्या ड्रायव्हरला शाई बदलल्याचं कळत नाही. सायनच्या खणात सायनच आहे असं समजून तो हुकूम देत राहतो आणि फोटोची वाट लागते.

त्यासाठी वेगळं सॉफ्टवेअर लागतं. रॉय हॅरिंग्टन यांचं 'क्वाडटोन रिप' यासाठी प्रसिद्ध आहे. कोणत्या खणातून किती शाई सोडायची हे ते ठरवतं. मात्र ते प्रत्येक मॉडेलला चालत नाही. म्हणून आधी सॉफ्टवेअरची यादी बघा, मग प्रिंटर निवडा.

बदल करताना काय काळजी घ्यायची?

• आधी नोझल चेक काढा. रेषा तुटत असतील तर हेड साफ झाल्याशिवाय पुढे जाऊ नका. तुंबलेलं हेड नव्या शाईनं सुटत नाही.

• कार्ट्रिजचा प्रिंटर असेल तर रिकामी, पुन्हा भरता येणारी कार्ट्रिज घ्या. टँकच्या प्रिंटरमध्ये नळ्यांतही रंगीत शाई उरते, ती पूर्ण काढावी लागते.

• पहिला प्रिंट फोटोचा नको. काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत २१ पायऱ्यांची पट्टी काढा. शेजारच्या दोन पायऱ्या एकसारख्या दिसल्या तर सेटिंग चुकलंय.

• मॅट काळी शाई मॅट किंवा कॉटन कागदासाठीच असते. ग्लॉसी कागदावर ती बोटानं पुसली जाते.

• पिगमेंट शाई तळाशी बसते आणि प्रिंटर पडून राहिला तर नोझलमध्ये सुकते. आठवड्यातून एकदा तरी एक पान काढा.

• पनवेलच्या पावसाळ्यात कागद ओल धरतो आणि कडा वळतात. वळलेली कड हेडला घासते. म्हणून कागद हवाबंद पिशवीत ठेवा.

हे करावं का?

एकदा बदल केला की तो प्रिंटर रंगीत कामाला उरत नाही. परत फिरायचं तर सगळी धुलाई पुन्हा, आणि प्रत्येक साफसफाईत शाई वाया जाते. बाहेरच्या शाईमुळे झालेला बिघाड कंपन्या सहसा वॉरंटीत धरत नाहीत. त्यामुळे घरातल्या एकमेव प्रिंटरवर हा प्रयोग नको.

दहा-वीस फोटोच काढायचे असतील तर चांगल्या लॅबमधून प्रिंट घेणं स्वस्त पडतं. दुसरा पर्याय म्हणजे कंपनीनंच करडी शाई दिलेले प्रिंटर. एप्सननं २००५ मध्येच आर२४०० या मॉडेलमध्ये काळ्याच्या तीन छटा एकत्र दिल्या होत्या. असे प्रिंटर महाग असतात, पण त्यात काही बदलावं लागत नाही.

मात्र एखाद्या कुटुंबाचा किंवा अख्ख्या गावाचा संग्रह छापायचा असेल, नियमित काम असेल आणि जुना पण चांगल्या हेडचा प्रिंटर हाताशी असेल, तर ही मेहनत वाया जात नाही.

यातलं काहीही करायच्या आधी मूळ फोटो स्कॅन करून दोन ठिकाणी जपून ठेवा. प्रिंट बिघडला तर पुन्हा काढता येतो. फोटोतलं गाव आता पुन्हा टिपता येणार नाही.