दिवाणजी, गाठ सुटतेय

मुंबई गोदीच्या स्फोटाची गोष्ट निघाली की बहुतेक घरांत ती सोन्याच्या विटांपासून सुरू होते. आमच्याकडे मांजरपाटापासून व्हायची. मांजरपाटाचा चौकोन कोपऱ्यातून कोपऱ्यात कापला की दोन त्रिकोणी बँडेजं निघतात, हे आत्याआजी आधी सांगायची. बोट, बारूद, आग सगळं नंतर.

१९४१च्या डिसेंबरात जपान्यांनी रंगूनवर बॉम्ब टाकले आणि इकडे मुंबई धास्तावली. दिव्यांना काळे कागद लागले, जिन्यांत वाळूच्या बादल्या आल्या, कित्येकांनी बिऱ्हाडं गावी हलवली. गिरगावातल्या आमच्या चाळीतही एआरपीचं, म्हणजे हवाई हल्ल्यापासून बचावाच्या सरकारी व्यवस्थेचं, प्रथमोपचार पथक उभं राहिलं. चाळीत चले जावची पत्रकं गुपचूप फिरत आणि खाली अंगणात ही सरकारी तालीमही चाले. दोन्हीकडे माणसं तीच.

शिकवायला डॉक्टर यायचे ते आठवड्यातून एकदा. बाकीच्या संध्याकाळी सराव कोणी घ्यायचा? आत्याआजी तेव्हा सोळा वर्षांची. शाळेत गर्ल गाइड असताना तिने प्रथमोपचाराची परीक्षा दिली होती, आणि इंग्रजी पुस्तक वाचून मराठीत सांगणं तिला जमायचं. डॉक्टरांनी पथक तिच्या हाती दिलं. पथकात कोण, तर गिरणीतला एक जॉबर, एक शिंपी, एक शाळामास्तर आणि मांडवीच्या धान्याच्या पेढीवरचे दिवाणजी. सगळे बापाच्या वयाचे.

पहिले काही दिवस अवघड गेले. पोरीसमोर जमिनीवर पालथं पडायचं आणि तिने पाठ दाबून कृत्रिम श्वासोच्छ्वास दाखवायचा, हे जॉबरना पटेना. तिने वाद घातला नाही. स्वतःच्या थोरल्या भावाला झोपवलं आणि त्याच्यावर दाखवलं. दुसऱ्या दिवशी जॉबर आपणहून आडवे झाले.

दिवाणजींचं दुखणं गाठीचं होतं. दोन्ही वेळा एकाच बाजूने टोक वळवायचे, मग ताण आला की गाठ सरके. ती म्हणायची, "दिवाणजी, गाठ सुटतेय. परत बांधा." ते म्हणायचे, "बांधतो, पोरी." झोळी बांधली की मनगट कोपरापेक्षा थोडं वर हवं, बोटांची टोकं उघडी हवीत, नख दाबून सोडलं की लाली परत यायला हवी. नख बघितल्याशिवाय ती कुणालाही उठू द्यायची नाही. शिंप्याचं बँडेज इतकं देखणं असे की सगळे वाहवा करत. ती मात्र नख दाबायची आणि म्हणायची, "काका, सुंदर आहे, पण फार आवळलंय."

१४ एप्रिल १९४४. व्हिक्टोरिया डॉकमध्ये ‘फोर्ट स्टिकिन’ या बोटीत सुमारे १,४०० टन स्फोटकं आणि त्याच बोटीत कापसाच्या गासड्या आणि त्या सोन्याच्या विटा. दुपारी आग दिसली, ४ वाजून ६ मिनिटांनी पहिला स्फोट झाला, अर्ध्या तासाच्या आत दुसरा. अग्निशमन दलाचे ६६ जवान गेले. मांडवी पेटली. सेन्सॉरमुळे वर्तमानपत्रांत कितीतरी दिवस धड बातमी नव्हती. शहराला जे कळलं ते तिथून परत आलेल्या माणसांकडून.

दिवाणजी त्या वेळी पेढीवर होते. रात्री उशिरा ते चालत घरी आले तेव्हा धोतर गुडघ्यापर्यंतच उरलं होतं. बाकीचं फाडून त्यांनी पट्ट्या केल्या होत्या. एका हमालाची मांडी पत्र्याने चिरली होती. दिवाणजींनी वर पट्टी बांधली, मापाची काठी घालून पीळ दिला, आणि कानावरची जांभळी कॉपिंग पेन्सिल जिभेवर ओली करून त्याच्या कपाळावर वेळ लिहिली. पीळ कधी दिला ते दवाखान्यात कळलंच पाहिजे, हे पोरीने शंभरदा घोकून घेतलं होतं. मग हातगाडीवरून त्याला जे. जे.ला पोचवलं. तो वाचला का, हे त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही. आत्याआजीला भेटून ते एवढंच म्हणाले, "गाठ नाही सुटली."

ती स्वतः त्या रात्री एका शाळेत बेघर झालेल्यांच्या अंगातल्या काचा काढत होती. त्याबद्दल ती फार बोलत नसे. ती सांगायची दिवाणजींबद्दल. मला वाटतं तिचं बरोबर होतं. सोळाव्या वर्षी शिकवण्याची हिंमत होतेही एखाद्याला. पन्नाशीच्या माणसाने चारचौघांत सोळा वर्षांच्या मुलीकडून गाठ सुधारून घेणं, तेही पुन्हा पुन्हा, याला मी जास्त मोठं मानतो. स्फोटाच्या इतिहासात विटांचा हिशेब सापडतो, या सरावाचा सापडत नाही.

पुढे मी कॉलेजात सीपीआर शिकून आलो तेव्हा ती सत्तरीला आलेली. पाठ दाबायची पद्धत मागे पडली, आता उताणं निजवून छाती दाबतात, हे मी सांगितलं. तिने पदर खोचला, उशी पुढे ओढली आणि म्हणाली, "दाखव. चुकलं तर सांग."

तुमच्या घरातलं कुणी शाळा-कॉलेजात हे शिकून आलं असेल तर त्याला आजच समोर बसवा. छातीच्या मधोमध तळहाताची टाच, मोठ्या माणसासाठी पाच ते सहा सेंटिमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० दाब, आणि त्याआधी १०८ला फोन. ते पोर चूक काढील. परत करा.